तरवड आणि त्याची लागवड

आपल्या देशातील सार्वजनिक उद्यानांतून आणि घराभोवतालच्या बागांतून पिवळ्या फुलांची जी झुडपे सर्रास आढळतात, त्यांपैकी पुष्कळशी परदेशातून आलेली आहेत. घंटेच्या आकाराच्या फुलांचा टेकोमा, पिवळी कण्हेर आणि कुंपणावर पसरणारी अलामंडा ही सर्व मूळची अमेरिका खंडातील. ती येथे इतकी रुळली आहेत की, त्यांचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. याच्या उलट, भारताच्या कोरड्या प्रदेशात स्वतःहून वाढणारे आणि फुलांच्या सौंदर्यात यांपैकी कोणालाही हार न जाणारे एक झुडूप बागेच्या कुंपणाबाहेरच राहिले आहे. हे झुडूप म्हणजे तरवड.

रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, मुरमाड टेकड्यांच्या उतारावर, रेल्वेमार्गाच्या भरावावर असे कोठेही उगवत असल्यामुळे तरवडाला रानटी समजून दुर्लक्षिले जाते. वास्तविक जेथे उन्हाळ्यात माणसांनाच पाणी पुरत नाही, तेथे बागेसाठी अशा झुडपाइतका चांगला सोबती मिळणे कठीण. तरवडाला जगविण्यासाठी बागवानाला करावे लागते ते थोडे. टाळावे लागते ते मात्र पुष्कळ. ही गोष्ट नीट न कळल्यामुळेच बागेत आणलेला तरवड अनेकदा दगावतो आणि 'रानातले झाड बागेत येत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

नाव आणि ओळख

या झुडपाला संस्कृतात आवर्तकी, हिंदीत तरवर, गुजरातीत आवळ, तेलुगूत तंगेडु, कन्नडमध्ये तंगडी किंवा आवरिके आणि तमिळमध्ये आवारै किंवा आवारम् म्हणतात. इतक्या भाषांत त्याला स्वतंत्र व रूढ नावे आहेत, यावरूनच लोकजीवनाशी असलेला त्याचा जुना संबंध स्पष्ट होतो. श्रीलंकेतही ते नैसर्गिकपणे वाढते. तेथे त्याला रणवरा म्हणतात आणि त्याच्या सुकविलेल्या फुलांचा चहासारखा काढा करून पितात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा हे शास्त्रीय नाव दिले. भारतीय वनस्पतींचे थोर अभ्यासक विल्यम रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर १८३२ मध्ये त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्याचा समावेश सेन्ना या प्रजातीत केलेला आहे. पुढे दीर्घकाळ कॅसिया हेच नाव प्रचारात राहिले. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या गटाच्या वर्गीकरणाची नव्याने मांडणी केली. तेव्हापासून सेन्ना ऑरिक्युलाटा हे नाव सर्वमान्य होत गेले. जुन्या पुस्तकांतून मात्र वाचकाला कॅसिया हेच नाव आढळेल. सोनामुखी व टाकळा हे तरवडाचे जवळचे भाऊबंद होत. बहावा मात्र कॅसिया प्रजातीतच राहिला आहे.

तरवड सामान्यतः एक ते दोन मीटर उंच वाढतो. अनुकूल जागी तो याहून उंचही होतो. बुडापासूनच त्याला अनेक फांद्या फुटतात आणि झुडपाला भरगच्च, गोलसर आकार येतो. साल तपकिरी असते. पाने संयुक्त असून प्रत्येक पानावर दलांच्या (लहान पानांच्या) साधारणतः आठ ते बारा जोड्या असतात. पानाच्या दांड्यावर प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक, उभी ग्रंथी असते. पानाच्या बुडाशी असलेली उपपर्णे रुंद, हिरवी व कानाच्या पाळीसारखी दिसतात. 'ऑरिक्युलाटा' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कान असलेली' असाच आहे. रोपवाटिकांतून 'कॅसिया' किंवा 'सेन्ना' या मोघम नावाखाली पिवळ्या फुलांची अनेक झुडपे विकली जातात. कानासारखी उपपर्णे आणि प्रत्येक जोडीतील ग्रंथी या दोन खुणा पाहून घेतल्यास फसगत होणार नाही.

शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ व फिकट तपकिरी असून त्यांची लांबी साधारणतः सात ते अकरा सेंटिमीटर असते. प्रत्येक शेंगेत दहा ते वीस बिया असतात. वाळलेल्या शेंगा दीर्घकाळ झुडपावर लटकत राहतात आणि वाऱ्याने खुळखुळतात.

फुलाची रचना

फुले फांद्यांच्या टोकांशी व वरच्या पानांच्या बगलेत झुपक्यांनी येतात. प्रत्येक फूल सुमारे पाच सेंटिमीटर रुंद असून त्याला झळझळीत पिवळ्या रंगाच्या, किंचित सुरकुतलेल्या पाच पाकळ्या असतात. झुडपावर थोडीफार फुले वर्षभर दिसत असली, तरी पावसाळा संपत आल्यावर, म्हणजे भाद्रपद-आश्विनापासून पुढे काही महिने, तो ऐन बहरात असतो.

या फुलात मध नसतो. तरीही त्याच्याभोवती मोठे काळे भुंगे सतत घोंघावताना दिसतात. ते येतात परागासाठी. फुलातील दहा केसरदलांपैकी वरची तीन वांझ असतात. उरलेल्यांपैकी मधली लहान, तर खालची मोठी व वाकलेली असतात. त्यांचे परागकोश इतर फुलांप्रमाणे उभे उकलत नाहीत. मिठाच्या डबीच्या झाकणाला असावे तसे त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते. भुंगा केसरदलांना मिठी मारून अंगाचे स्नायू वेगाने थरथरवितो. त्या कंपनाने पराग छिद्रातून बाहेर उसळतात. काही त्याच्या अन्नासाठी जातात, तर काही त्याच्या अंगाला चिकटतात. घरगुती मधमाशीला अशी थरथर निर्माण करता येत नाही. म्हणून तरवडाला फळ धरायचे, तर बागेत भुंगे यावयास हवेत. हे भुंगे वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतात. कुंपणाचा एखादा जुना वासा किंवा बांबूची जुडी बागेच्या कोपऱ्यात राहू दिल्यास त्यांना आसरा मिळतो.

आणखी एक चमत्कृती पाहण्यासारखी आहे. फुलातील लांब, वाकडा किंजल (बीजकोशावरील दांडी) काही फुलांत डावीकडे, तर काही फुलांत उजवीकडे वळलेला असतो. त्यामुळे एका प्रकारच्या फुलातून भुंग्याच्या ज्या कुशीला पराग लागतात, त्याच कुशीचा स्पर्श दुसऱ्या प्रकारच्या फुलातील किंजलाच्या टोकाला होतो आणि परपरागणाला साहाय्य होते. झुडपासमोर पाच मिनिटे उभे राहून फुले मोजली, तर हा डावे-उजवेपणा कोणालाही दिसू शकेल. मुलांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावण्यासाठी याहून सोपा धडा क्वचितच सापडेल.

लोकजीवनातील स्थान

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढविली जाते. त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा हा स्त्रियांचा उत्सव होतो. ताटात तंगेडु, कुरडू व इतर रानफुलांचे थर रचून उतरंडीसारखा मनोरा करतात, त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि अखेरीस तो तळ्यात सोडतात. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी तंगेडु हे राज्याचे फूल म्हणून घोषित झाले. तमिळनाडूत पोंगलच्या सुमारास आवारमची फुललेली डहाळी कडुलिंबाच्या पाल्याबरोबर बांधून घराला लावतात. प्राचीन तमिळ साहित्यातील 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात फुलांची जी प्रसिद्ध नामावळी आहे, तीतही हे फूल आहे.

तरवडाचे आर्थिक महत्त्व त्याच्या सालीमुळे होते. सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन हे कषाय द्रव्य असते. या द्रव्यामुळे कच्चे कातडे न कुजता टिकाऊ चामडे बनते. दक्षिण भारतातील चर्मोद्योग एके काळी प्रामुख्याने याच सालीवर चालत असे आणि तिने कमावलेले फिकट रंगाचे, मऊ चामडे परदेशी जात असे. इंग्रजीत या झुडपाला 'टॅनर्स कॅसिया' म्हणतात, ते यामुळेच. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून येणारी वॅटल या बाभूळवर्गीय वृक्षाची साल अधिक टॅनिन देणारी व विपुल असल्याने तिने हळूहळू तरवडाची जागा घेतली. बाजारातली किंमत गेली, तसे लोकांचे लक्षही उडाले.

साल, फुले व बिया यांचा वापर आयुर्वेदात व सिद्ध वैद्यकात केला जातो. मधुमेहावरील गुणासाठी त्याची विशेष ख्याती आहे. आवारम जेथे फुलते, तेथे कोणी मरताना पाहिले आहे काय, अशा आशयाची एक म्हणही तमिळमध्ये आहे. परंतु म्हण म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. बागेत झुडूप आहे म्हणून स्वतःच काढे करून पिणे व चालू औषधे सोडणे धोक्याचे ठरेल. वैद्याच्या सल्ल्यावाचून तसे करू नये.

बियांची निवड आणि पेरणी

तरवडाची रोपे रोपवाटिकांत सहसा मिळत नाहीत. परंतु बी मिळविणे अवघड नाही. हिवाळा सरताना पिकलेल्या शेंगा झुडपावरच वाळतात. त्या वेळी निरनिराळ्या चार-पाच झुडपांवरून थोड्या थोड्या शेंगा घ्याव्यात. एकच झुडूप ओरबाडू नये. शक्य तो आपल्याच परिसरातील, आपल्यासारख्याच जमिनीत वाढलेल्या झुडपांचे बी निवडावे. शेंगा उन्हात वाळवून बी काढावे आणि बारीक भोके पडलेले दाणे फेकून द्यावेत; त्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरलेल्या असतात.

बियांचे कवच अतिशय कठीण असते. निसर्गात हे हिताचेच आहे. कारण सगळे बी एकाच पावसात उगवले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर संपूर्ण पिढीच नष्ट होईल. बागवानाला मात्र एवढी वाट पाहण्याचे कारण नाही. पाणी उकळून विस्तवावरून खाली उतरवावे, एक-दोन मिनिटांनी त्यात बिया टाकाव्यात आणि ते रात्रभर तसेच निवू द्यावे. सकाळी ज्या बिया फुगलेल्या दिसतील, त्या लगेच पेराव्यात. न फुगलेल्या बियांवर पुन्हा हीच प्रक्रिया करावी. बिया थोड्याच असतील, तर पॉलिश कागदावर एका बाजूने हलकेच घासूनही कवच पातळ करता येते. घासताना बीजांकुराचे टोक टाळावे.

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर बी सरळ जागेवरच टोकणे ही सर्वांत उत्तम पद्धत होय. एका जागी तीन-चार बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल पेराव्यात आणि पुढे त्यांतील एकच जोमदार रोप ठेवावे. याचे कारण असे की, तरवडाचे सोटमूळ प्रथमपासूनच झपाट्याने खाली जाते. जमिनीवर रोप चार बोटे दिसते, तेव्हा खाली मूळ त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. हे मूळ तुटले, की रोप सहसा सावरत नाही. रानातील वाढलेले झुडूप उपटून आणून लावण्याचे प्रयत्न बहुधा फसतात, ते याचमुळे. रोपे तयार करायचीच असतील, तर वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या पिशव्यांत करावीत आणि मूळ तळाशी वेटोळे घालू लागण्यापूर्वी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या आत, मातीच्या गोळ्यासह हलवावीत.

जागा, माती आणि पाणी

तरवडाची पहिली मागणी उन्हाची आहे. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन नसेल, तर फांद्या लांबट व विरळ होतात आणि फुले थोडी येतात. जमिनीबाबत तो फारसा चोखंदळ नाही. मुरमाड, तांबडी, काळी, इतकेच नव्हे, तर किंचित खारवट जमीनही त्याला चालते. एक अट मात्र अटळ आहे : पाणी साचता कामा नये. काळ्या चिकण जमिनीत लागवड करायची असल्यास हातभर उंचीचा वरंबा किंवा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. ज्या भागात पाणी गोठविणारी थंडी पडते, तेथे आणि सह्याद्रीच्या माथ्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात त्याची लागवड करण्यात अर्थ नाही.

रोपासाठी खड्डा करायचा, तर तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असावा. त्यात मूळचीच माती भुसभुशीत करून भरावी. ओंजळ-दोन ओंजळी कुजलेला पालापाचोळा मिसळल्यास हरकत नाही. शेणखत किंवा रासायनिक खत भरघोस घालू नये. त्याने पाला माजतो आणि फूल मागे पडते. तरवड हा शेंगावर्गीय असल्याने त्याच्या मुळांवर गाठी असाव्यात व त्या हवेतील नत्र जमिनीत साठवीत असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु सेन्ना प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी सहसा आढळत नाहीत. जमिनीला त्याचा लाभ होतो तो त्याच्या पाल्यामुळे. शेतकरी हा पाला हिरवळीचे खत म्हणून भातखाचरात तुडवीत आले आहेत. बागेतही छाटणीचा पाला झाडांच्या आळ्यात पसरावा.

पाण्याचा हिशेब साधा आहे. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यानंतर आठ-दहा दिवसांनी एकदा, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्यास मुळे वरच रेंगाळतात आणि उन्हाळ्यात हीच सवय रोपाच्या जिवावर उठते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एक पाळी पुरे. त्यानंतर दख्खनच्या पठारावर त्याला वेगळे पाणी देण्याची गरज सहसा उरत नाही. हिरवळीच्या (लॉनच्या) मध्यभागी, जेथे नित्य फवारे उडत असतात, तेथे तरवड लावणे म्हणजे त्याचा अंत ओढवून घेणे होय. पाने एकाएकी पिवळी पडू लागली आणि माती ओली असेल, तर पाणी वाढवू नये. ते ताबडतोब थांबवावे.

छाटणी आणि निगा

रोप हातभर उंच झाले, की त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे बुडापासून फांद्या फुटतात. पुढे दरवर्षी बहर ओसरून शेंगा वाळल्यावर, साधारणतः माघ-फाल्गुनात, एक-तृतीयांश उंची कमी करावी. फुले नव्या फुटीवर येत असल्यामुळे आषाढ-श्रावणात कात्री चालविल्यास त्या वर्षीच्या बहराला मुकावे लागते. तमिळनाडूसारख्या, ईशान्य मोसमी पावसाच्या प्रदेशात हे वेळापत्रक स्थानिक हंगामानुसार पुढे सरकते. झुडूप जुने व काष्ठमय झाले, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर सर्व फांद्या कापाव्यात. तरवडाला खोडापासून पुन्हा फूट येण्याची विलक्षण शक्ती आहे. सालीसाठी फांद्या तोडूनही ही झुडपे वर्षानुवर्षे टिकत असत, ती या शक्तीमुळेच. बियांपासून वाढविलेले रोप साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चांगले फुलू लागते.

गुरे व शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे कुंपण नसलेल्या जागेतही तो टिकतो. पावसाळ्यात पानांवर कधी कधी हिरव्या अळ्या दिसतात. त्या बहुधा कॅटोप्सिलिया प्रजातीतील फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. त्यांनी खाल्लेली पाने झुडूप थोड्याच दिवसांत भरून काढते. औषध फवारल्यास फुलपाखरांबरोबर परागण करणारे भुंगेही मरतात; म्हणून फवारणी न करणे हेच श्रेयस्कर.

बागेत कोठे लावावा

एकेकटे झुडूप म्हणून लावायचे असल्यास दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. फुलांचे सैल कुंपण करायचे असेल, तर ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर पुरेसे होते. मात्र मेंदीसारखे काटेकोर कातरलेले कुंपण तरवडापासून अपेक्षू नये, कारण सारखी कातरणी केल्यास फूलच हाती लागत नाही. उतारावरील माती धरून ठेवण्यासाठी, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारातील पाण्याची सोय नसलेल्या कडेला आणि गावाच्या रस्त्यांच्या दुतर्फा तो विशेष उपयोगी पडतो. जेथे लहान मुले वावरतात, तेथे पिवळ्या कण्हेरीऐवजी तरवड लावणे शहाणपणाचे आहे, कारण कण्हेरीच्या बिया प्राणघातक विषारी असतात. कुंडीत तो जगतो, परंतु सोटमुळाला वाव न मिळाल्याने त्याचा खरा जोम दिसत नाही. कुंडीशिवाय इलाजच नसेल, तर ती निदान ४० सेंटिमीटर खोल असावी.

ज्या पडीक जमिनींवर तरवड आजवर निर्वेधपणे वाढत आला, त्या आता अनेक ठिकाणी नांगराखाली किंवा इमारतींखाली जात आहेत. सणाच्या दिवशी फुलांसाठी दूरवर जावे लागते आणि घाईत फुलांऐवजी अख्ख्या फांद्या मोडल्या जातात. घराच्या आवारात, देवळामागे किंवा शाळेच्या कुंपणालगत चार-दोन झुडपे असली, तर ही धावपळ वाचते आणि रानातल्या झुडपांनाही विसावा मिळतो. अशी झुडपे लावणाऱ्याने बहरातली फुले अवश्य घ्यावीत. पण प्रत्येक झुडपावर काही झुपके शेंगा धरण्यासाठी राखून ठेवावेत आणि वाळलेले बी शेजाऱ्यांना वाटावे.